इंग्रजीची परीक्षा पास झाले, पण वॉर्डातलं इंग्रजी कळेना

मिरजेची_सिस्टर :

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण नीट सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

मी मिरजेची. जीएनएम तिथंच केलं, मग ६ वर्षं पुण्यात आयसीयूमध्ये काढली. ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, पहिल्या प्रयत्नात निघाली, इथं आल्यावर ऑस्की ही नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षाही झाली. आता ७ महिने झाले, इंग्लंडमध्ये दक्षिण यॉर्कशायरला, शेफील्डपासून बसनं पाऊण तासावरच्या एका गावात वृद्धांच्या वॉर्डात आहे. इंग्रजीची मला कधी भीती नव्हती. ओईटीत तर ऐकण्याच्या पेपरातच सगळ्यात जास्त गुण होते. पण इथं पहिल्या आठवड्यातच कानात कापूस घातल्यासारखं झालं.

तिसऱ्या रात्रपाळीची गोष्ट. ६ नंबरच्या कॉटवर ८४ वर्षांचे एक आजोबा, आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेले. रात्री दोनच्या सुमाराला बेल वाजली. गेले तर म्हणाले, ‘आय'म स्टार्व्ड, लुव्ह.’ मला वाटलं, बिचाऱ्यांना भूक लागली. पॅन्ट्रीत जाऊन टोस्ट केले, चहा केला, बिस्किटं घेतली. त्यांनी ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मी आग्रह करतेय, ते मान हलवतायत. शेवटी नाडी बघायला मनगट धरलं तर हात बर्फासारखा गार. त्यांना थंडी वाजत होती! ब्लँकेट हवं होतं, आणि मी टोस्ट भाजत बसले होते.

दुसरा प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो. याच आजोबांना जेवणाआधी इन्शुलिन असतं. एका सकाळी ते म्हणाले, ‘आय'ल हॅव नाउट व्हाइल टी.’ ‘नाउट’ म्हणजे नथिंग, एवढं मला तोवर कळलं होतं. मी अर्थ लावला, चहा पिताना सोबत काही नको म्हणतायत. दुपारच्या जेवणाआधीचं इन्शुलिन घेऊन मी निघाले, तेवढ्यात १५ वर्षं इथं काढलेल्या एका मल्याळी सिस्टरनी अडवलं. इथं ‘व्हाइल’ म्हणजे ‘तोपर्यंत’, आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. आजोबा दुपारी जेवणारच नव्हते. इन्शुलिन टोचलं असतं आणि पोटात अन्न नाही, तर साखर कुठवर उतरली असती?

त्यात व्याकरण. ‘आय वर’, ‘इट वर’, ‘देम टॅब्लेट्स’. सगळे असंच बोलतात. आमच्या वॉर्डच्या मॅनेजर बाई शिकलेल्या आहेत, त्याही बोलतात. मी परीक्षेत असं लिहिलं असतं तर लाल रेघ. आणि उलट बाजूनं, माझं साधं ‘पेन’ त्यांना कळत नाही. ‘एनी पेन?’ विचारलं की दोन-तीन पेशंट तरी ‘एनी व्हॉट, लुव्ह?’ करतात.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. हे लोक चुकीचं इंग्रजी बोलतात का? आणि मी हे शिकू कसं? पुस्तकात कुठंच सापडत नाही.


माहुलीचा_मास्तर :

सिस्टरताई, साताऱ्याजवळच्या शाळांत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमचा प्रश्न वाचून दुपारची झोप सोडून बसलो, कारण निम्मं आयुष्य मी स्वतः याचं चुकीचं उत्तर देत आलो.

आधी ‘लुव्ह’ घेऊ. दरवर्षी पाचवीच्या वर्गात एक तरी पोर उठून विचारायचं, ‘सर, पी यू टी पुट, तर बी यू टी बट का?’ मी म्हणायचो, इंग्रजी अशीच आहे, पाठ कर. खरं उत्तर तुमच्या वॉर्डात आहे. पूर्वी सगळ्या इंग्लंडात या दोन्ही शब्दांतला स्वर एकच होता, आपल्या ‘पुस्तक’मधल्या ‘पु’सारखा. सतराव्या शतकात दक्षिणेकडे, लंडनच्या बाजूला, हा स्वर फुटला. ‘पुट’, ‘फुल’ तसेच राहिले, ‘बट’, ‘कप’, ‘लव्ह’ यांचा उच्चार ‘अ’कडे सरकला. स्पेलिंग जुनंच राहिलं. उत्तरेत हा बदल पोहोचलाच नाही, म्हणून तुमचे आजोबा ‘लुव्ह’, ‘बुस’, ‘कुप’ म्हणतात. त्यांच्या गावातल्या पोराला तो पाचवीतला प्रश्न पडणारच नाही. त्याच्या तोंडी दोन्ही जुळतात.

म्हणजे बिघाड झाला तो उत्तरेत झाला असं नाही. बदल दक्षिणेत झाला. ‘बाथ’, ‘ग्रास’ यांतला लांब ‘आ’ही दक्षिणेत नंतर आला, तुमच्याकडे अजून आखूड ‘अ‍ॅ’सारखा आहे. ‘कार’, ‘हार्ड’ यांतला ‘र’ही तसाच. पूर्वी सगळे तो म्हणायचे. अठराव्या शतकापासून लंडनकडे तो गळत गेला. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडचा नैऋत्य कोपरा आणि अमेरिकेचा बहुतेक भाग यांनी तो ठेवला. आपण मराठी माणसं ‘कार’मधला ‘र’ स्पष्ट म्हणतो म्हणून कुणी हसलं तर ही यादी समोर ठेवा.

आता ‘आय वर’. इंग्रजीतला ‘यू’ मूळचा अनेकवचनी, आपल्या ‘तुम्ही’सारखा. एकाला बोलताना ‘दाऊ’. आपण एकाच माणसाला आदरानं ‘तुम्ही होतात’ म्हणतो, तसं ‘यू वर’ एकासाठी वापरू लागले आणि तेच प्रमाण ठरलं. मधल्या काळात शिकलेली माणसंही एकासाठी ‘यू वॉज’ म्हणत, लिहीत. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या पाद्र्यानं व्याकरण छापलं, त्यात ‘यू वॉज’ला मोठी चूक ठरवलं. दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियमही त्याच पुस्तकात आहे, पण त्याआधी चौदाव्या शतकातला कवी चॉसर आणि शेक्सपिअर दोघांनीही दुहेरी नकार बिनदिक्कत वापरले होते. तर प्रमाण इंग्रजीनं ‘आय वॉज, यू वर, ही वॉज’ अशी फोड ठेवली आणि यॉर्कशायरनं सगळीकडे ‘वर’ लावलं. दोघांकडे नियम आहे. त्यांचा उलट जास्त सरळ आहे.

तुम्ही मिरजेच्या, म्हणून विचारतो. तुमच्या घरातल्या मोठ्या बायका ‘मी येते’ म्हणतात की ‘मी येतो’? सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी जेवलो’, ‘मी बाजारला जातो’ म्हणतात. त्यांना स्त्रीलिंग-पुल्लिंग कळत नाही असं कोण म्हणेल? ‘ती येती’, ‘ती गेली’ बरोबर म्हणतात. फक्त ‘मी’पुढं एकच रूप ठेवतात. ‘आय वर’ त्याच जातीचं.

‘स्टार्व्ड’ची गोष्ट तर मला फार आवडली. मूळ अर्थ ‘मरणे’. जर्मनमध्ये आजही ‘श्टेर्बन’ म्हणजे मरणे. पुढं दक्षिणेत अर्थ आकसून ‘भुकेनं मरणे’ उरला, उत्तरेत ‘थंडीनं मरणे’. आजोबांनी शब्द चुकीचा वापरला नाही, वारशातला दुसरा वाटा घेतला. ‘व्हाइल’ म्हणजे ‘तोपर्यंत’ हाही शेक्सपिअरच्या वेळचा अर्थ आहे. कामाच्या वेळेबद्दल ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ असं कुणी म्हटलं तर नऊ ते पाच समजा.

ते तुम्हाला ‘था’ किंवा ‘दा’ म्हणतात का? तो जुना ‘दाऊ’, म्हणजे आपला ‘तू’. शेफील्डच्या लोकांना शेजारची गावं ‘डी-डार’ म्हणून चिडवतात ती यावरूनच, कारण ते ‘थी-था’चा उच्चार ‘डी-डा’सारखा करतात. आजोबांनी तुम्हाला ‘था’ म्हटलं तर समजा, घरातलं माणूस झालात. पण तुम्ही त्यांना उलट म्हणू नका. तिथंही ते अरे-तुरेच.

आणि ‘द’ ऐकू येत नसेल, तर तो गायब नसतो. ‘डाउन ट् पब’ म्हणताना त्या जागी घशात श्वास क्षणभर अडवतात. तो अडथळा ऐकायला कान लावा, आठवडाभरात सापडेल.

पुस्तक विचारलंत, तर एका माणसाबद्दल सांगतो. जोसेफ राइट, जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. लहानपणी सॉल्टेअरच्या कापड गिरणीत बॉबिन काढायच्या कामावर. पंधरा वर्षांचा होईस्तोवर त्याला वाचता येत नव्हतं. मग रात्रशाळा, मग पैसे साठवून १८७६ साली जर्मनीत हायडेलबर्गला गेला, अँटवर्पपासून पायी. पुढं ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा ६ खंडांचा कोश काढला. तुमचे आजोबा बोलतात त्यातलं पुष्कळ त्यात आहे. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी पोरांना ‘कमवा आणि शिका’ म्हणत उभं केलं, त्या साताऱ्याच्या माणसाला या राइटबद्दल जवळीक वाटणारच. राइटनंतर लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ मध्ये इंग्लंडातल्या ३१३ ठिकाणी, बहुतेक म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे बसून, हजारावर प्रश्न विचारून बोली टिपून घेतल्या. गायीच्या गोठ्याला काय म्हणता, इथपासून.

शेवटी तुमचं ‘पेन’. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ म्हणताना हवेचा झोत सोडतो, आपला ‘प’ कोरडा असतो. त्यांच्या कानाला आपला ‘पेन’ ‘बेन’ वाटतो, म्हणून ते ‘व्हॉट?’ करतात. तोंडासमोर तळहात धरा आणि ‘फणस’मधला ‘फ’ ओठ पूर्ण मिटून म्हणा. तळहाताला वारा लागला पाहिजे. त्या ‘फ’नं ‘फेन’ म्हणा. तसंच ‘ठ’ आणि ‘ख’च्या बाजूनं ‘टॅब्लेट’ आणि ‘कफ’. चार दिवस करून कळवा.


विश्रामबाग_सांगली :

गुरुजी, माहिती चांगली आहे, पण माझं मत वेगळं आहे. माझा मुलगा आयईएलटीएसच्या तयारीला लागलाय, क्लासची फी भरताना आमचं काय होतं ते आम्हाला माहीत. अशा पोरांनी हे वाचलं तर ‘आय वर’ही चालतं असं धरून बसतील. नियम एकच ठेवावा. परीक्षक यॉर्कशायरचा इतिहास विचारत नाही, गुण कापतो.


कराडची_फिलाडेल्फियात :

विश्रामबागकरांची काळजी खरी आहे, पण सिस्टरचा प्रश्न परीक्षेनंतरचा आहे. परीक्षा संपल्यावर समोर माणूस असतो. माझा अनुभव सांगते.

मी कराडची, बी. फार्म. करून आले, फिलाडेल्फियात एका औषधाच्या दुकानात ९ वर्षं काउंटरवर आहे. आमचं बहुतेक गिऱ्हाईक कृष्णवर्णीय अमेरिकन. गुलामगिरीत आणलेल्या लोकांचे हे वंशज. विसाव्या शतकात लाखो कुटुंबं दक्षिणेतल्या शेतांवरून फिलाडेल्फिया, शिकागो, डेट्रॉइट अशा शहरांत आली आणि त्यांची बोली सोबत आली. या शहराची गोरी बोलीही वेगळीच, पाण्याला ‘वॉटर’ न म्हणता ‘वुडर’ म्हणतात, पण ती दोन दिवसांत सवयीची होते. खरी अडचण मला दुसरीकडे आली.

रक्तदाबाची नवी गोळी सुरू केलेले एक काका आले. म्हणाले, ‘माय हेड बी हर्टिन.’ मी विचारलं, ‘आत्ता दुखतंय?’ ‘नो.’ मी आपली नोंद केली, डोकेदुखी नाही. माझ्या शेजारची टेक्निशियन त्याच वस्तीतली. काका गेल्यावर ती म्हणाली, ते तुला सांगत होते की गोळी सुरू केल्यापासून डोकं अधूनमधून दुखत असतं. तिनं मला समजावलं आणि मी थक्क झाले, कारण हा फरक माझ्या मराठीत होता!

बघा. ‘ती आजारी आहे’ आणि ‘ती आजारी असते’. प्रमाण इंग्रजीत दोन्हींना ‘शी इज सिक’, असते म्हणायला वेगळा शब्द जोडावा लागतो. या बोलीत ‘शी सिक’ म्हणजे आत्ता आहे, ‘शी बी सिक’ म्हणजे असते. ‘आहे’ आणि ‘असते’! काकांनी मला बिनचूक सांगितलं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळीबद्दल कळवलं.

‘शी सिक’मध्ये ‘इज’ कुठं गेलं, असं वाटेल. आपण ‘हा माझा भाऊ’, ‘तिचं नाव सुमन’ म्हणताना ‘आहे’ कुठं लावतो? पण तेही मनाला येईल तसं गाळत नाहीत. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ साली दाखवलं की प्रमाण इंग्रजीत ‘ही'ज’ असं आखडता येतं तिथंच ही बोली ‘इज’ गाळते. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’ यात शेवटचं ‘इज’ तुम्हालाही आखडता येत नाही आणि त्यांनाही गाळता येत नाही. लहान पोरंही इथं चुकत नाहीत. कुणी शिकवलेलं नसतं.

अजून एक, औषधाच्या कामात फार लागणारं. ‘बिन’वर जोर दिला तर अर्थ बदलतो. ‘आय बिन टेकिन दॅट’, जोर देऊन, म्हणजे केव्हापासून घेतोय आणि अजून चालू आहे. जॉन रिकफर्ड यांनी १९७५ साली लोकांना विचारलं होतं, ‘शी बिन मॅरीड’ असं जोर देऊन म्हटलं तर तिचं लग्न अजून टिकलंय का? बहुतेक काळे लोक म्हणाले हो, बहुतेक गोरे म्हणाले नाही. एकच वाक्य, उलटे अर्थ. औषध चालू आहे की बंद झालं, हे अशा जोरावर ठरतं.

‘आस्क’ला ‘अ‍ॅक्स’ म्हणतात म्हणून यांची फार टवाळी होते. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं होती, चॉसरनं ‘अ‍ॅक्स’ वापरलं आहे, १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलातही आहे. आमच्या मळ्यातली माणसं ‘नुकसान’ला ‘नुस्कान’ म्हणायची. तेच ‘क’ आणि ‘स’, तीच अदलाबदल. गारपीट झाल्यावर ‘लई नुस्कान झालं’ म्हणणाऱ्या माणसाचं नुकसान काही कमी होत नाही.

१९७७ मध्ये मिशिगनच्या अ‍ॅन आर्बर गावात कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी शाळा मंडळावर खटला भरला होता. घरची बोली वेगळी म्हणून मुलांना मंद ठरवत होते. १९७९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, शिक्षकांनी मुलांची घरची भाषा समजून घेऊन मग प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं. लबॉव्ह तिथं साक्षीला होते. विश्रामबागकर, प्रमाण शिकवू नका असं कुणीच म्हणालं नव्हतं.


तासगाव_द्राक्ष :

माझी छोटीशी भर. आम्ही युरोपला द्राक्षं पाठवतो. एका वर्षी तिकडच्या स्कॉटिश क्वालिटी मॅनेजरचा मेल आला, अमुक पेट्या ‘आउटविथ स्पेक’. मी वाचलं ‘विदाउट’, म्हणजे माप लिहायचं राहिलंय, आणि १८ मिलीमीटरचा मण्याचा रिपोर्ट परत धाडून दिला. स्कॉटलंडात ‘आउटविथ’ म्हणजे ‘बाहेर’. माल मापात बसत नाही असं तो सांगत होता. दोन दिवस गेले, तोवर कंटेनरचा माल शीतगृहात पडून. तो सही-शिक्क्याच्या मेलमध्येही असंच लिहितो, त्याच्या देशात ते शुद्धच आहे. तेव्हापासून मी शब्द नवा दिसला की आधी फोन लावतो.


माहुलीचा_मास्तर :

कराडताई, ‘आहे’ आणि ‘असते’ हे मला आयुष्यात सुचलं नव्हतं. आयर्लंडचे लोक ‘शी डझ बी सिक’ म्हणतात, तेही ‘असते’च. त्यांच्या जुन्या आयरिश भाषेत सवयीसाठी वेगळं क्रियापद आहे, ते त्यांनी इंग्रजीत आणून बसवलं. ‘आय'म आफ्टर ईटिंग’ असं आयरिश माणूस म्हणाला तर जेवायच्या मागे लागलाय असं समजू नका, नुकताच जेवून उठलाय.

विश्रामबागकर, तुमच्या मुलानं परीक्षेत ‘आय वॉज’च लिहावं, मीही तेच शिकवलं असतं. पण ते प्रमाण का झालं हेही त्याला सांगा. कॅक्स्टननं १४७६ साली छापखाना लंडनशेजारी वेस्टमिन्स्टरला घातला. राजदरबार तिथं, कचेऱ्या तिथं, व्यापार तिथं. छापखाना यॉर्कला निघाला असता आणि राजा तिथं बसला असता, तर तुम्ही ‘आय वर’च्या क्लासची फी भरत असता.

हे एवढ्या पोटतिडकीनं लिहितोय त्याला कारण आहे. १९८९ साली माझ्या वर्गात धरणग्रस्तांच्या वसाहतीतला एक मुलगा होता. पहिल्या दिवशी उशिरा आला, मी विचारलं तर म्हणाला, ‘सर, म्हशीमागं गेल्तो.’ मी सगळ्या वर्गासमोर त्याला ‘गेलो होतो’ दहा वेळा म्हणायला लावलं. पोरं हसली. त्यानं दहाही वेळा म्हटलं, पण त्यानंतर वर्षभर त्यानं माझ्या वर्गात तोंड उघडलं नाही. इंग्रजीच्या तासाला तर नाहीच. मला ‘गेलो होतो’ शिकवायचंच होतं, ते माझं काम होतं. पण ‘गेल्तो’ला चूक म्हणायचा मला अधिकार नव्हता.


मिरजेची_सिस्टर :

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, ‘फ’चा उपाय लागू पडला. पाच दिवस रोज बसस्टॉपवर तोंडासमोर हात धरून म्हणत होते. काल राउंडला ‘एनी पेन?’ विचारलं तर एकानंही ‘व्हॉट?’ केलं नाही. घशातल्या अडथळ्यावाला ‘द’ही सापडला, आता ऐकू येतो.

तुम्ही घरच्या बायकांबद्दल विचारलंत. माझी आई ‘मी येतो’च म्हणते. फोन ठेवताना म्हणते, ‘ठेवतो आता, भाकरी करायच्यात.’ पुण्यात होस्टेलवर पहिल्या वर्षी ती भेटायला आली होती, मैत्रिणींसमोर म्हणाली, ‘मी सकाळच्या गाडीनं आलो.’ मी तिला तिथल्या तिथं दुरुस्त केलं, ‘आई, आले म्हण.’ तिनं ‘आले’ म्हटलं. त्यानंतर त्या दोन दिवसांत माझ्या मैत्रिणींशी ती फारशी बोललीच नाही. मला तेव्हा वाटलं प्रवासानं दमली असेल. मास्तरांचा तो म्हशीवाला मुलगा वाचला आणि रात्री साडेअकराला, तिकडे पहाटेचे चार वाजले असतील हे विसरून, तिला फोन लावला. घाबरून उठली. ‘काय झालं गं? बरी हाईस न्हवं?’ मी म्हटलं, काही नाही, पुण्यात तुला आले म्हणायला लावलं होतं, आठवतंय? थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आठवतंय की. त्याचं काय आता? जेवलीस काय तू?’

कराडताई, ‘आहे’ आणि ‘असते’ मी आमच्या मल्याळी सिस्टरलाही सांगितलं. आमच्या वॉर्डात जमैकाहून आलेल्या एक आजी आहेत, त्यांच्या बोलण्याकडे आता आम्ही दोघी वेगळ्या कानानं ऐकतोय.

पुढच्या महिन्यात महाराष्ट्र आणि केरळमधून चार नवीन मुली येतायत. त्यांच्यासाठी मी स्टाफरूमच्या कपाटाच्या दारावर एक कागद लावलाय. ६ नंबरच्या आजोबांनीच शब्द सांगितले, मी लिहून घेतले आणि मॅनेजर बाईंनी तपासून दिले. ‘स्टार्व्ड’ म्हणजे थंडी वाजतेय. ‘नेश’ म्हणजे थंडी सोसत नाही असा माणूस. ‘व्हाइल’ म्हणजे तोपर्यंत, याच्याखाली दोन लाल रेघा. ‘डिनर’ दुपारचं, ‘टी’ संध्याकाळचं. ‘पुअरली’ म्हणजे आजारी. ‘मार्डी’ म्हणजे रुसलेला, चिडचिडा. ‘लग’ म्हणजे कान. ‘नॉबट मिडलिंग’ म्हणजे बेताचंच बरं, असं कुणी म्हणालं तर बीपी परत बघा, कारण इथले म्हातारे सहसा तक्रार करत नाहीत.

इथं ब्रिटनमध्ये दुसऱ्या भागात काम करणारं कुणी असेल, न्यूकॅसल, लिव्हरपूल, ग्लासगो, तर आपापले शब्द इथं लिहा. चौघींपैकी दोघी न्यूकॅसलला जाणार आहेत. माझी सोमवारपासून रात्रपाळी आहे, दोनच्या चहाला वाचेन.